जोरहाटजवळचा चहाबागेतला बंगला: खोलीपेक्षा बागेतल्या चकरेसाठी जा

मे महिन्याच्या शेवटी मी आणि आई आसामला जाऊन आलो, त्यातल्या तीन रात्री जोरहाटजवळच्या एका चहाच्या बागेतल्या बंगल्यात राहिलो. नाव लिहीत नाहीये, कारण तक्रारी पण आहेत आणि त्या मॅनेजरला समोर बसून सांगून आलेय.

बंगला सुंदरच आहे. याला तिकडे चांग बंगला म्हणतात, खांबांवर जमिनीपासून उंच बांधलेला, पुढे लांबरुंद व्हरांडा आणि समोर नजर जाईल तिथपर्यंत कंबरेएवढी चहाची झुडपं, मध्येमध्ये सावलीसाठी लावलेले उंच शिरीष. खोल्या स्वच्छ, माणसं प्रेमळ. पण खोलीत चहा म्हणून काय ठेवलं होतं तर टी-बॅग! खिडकीबाहेर चहा उगवतोय आणि आत पिशवीतलं पिवळं पाणी, आईला पहाटे पाचला चहा लागतो, ती खरंच हिरमुसली. दुसऱ्या दिवशी सांगितल्यावर फॅक्टरीतला चहा आला, पण हे सांगायला का लागावं?

दुसरी गोष्ट वेळेची. आसामच्या बागांमध्ये अजून बागान टाइम चालतो, आपल्या घड्याळाच्या एक तास पुढे, कारण तिकडे उजाडतंच लवकर. आम्हाला कोणी बोललं नाही, आम्ही मोबाईल बघून सातला खाली उतरलो तर तिथले आठ वाजलेले आणि पान खुडणाऱ्या बायका कधीच लांबच्या भागात गेलेल्या. एक सकाळ वाया गेली.

पण दुसऱ्या दिवशीची चक्कर, त्यासाठी मी पूर्ण मार्क देईन. गाइड म्हणून बागेतल्याच लाइनीत वाढलेला मुलगा होता (लाइन म्हणजे कामगारांच्या घरांच्या रांगा). एक कळी आणि दोन पानं हे आपण जाहिरातीत बघतो, समोर बघितलं की कळतं ते किती वेगाने चालतं, दोन्ही हात एकाच वेळी आणि नजर पुढच्या झुडपावर. एका मावशींच्या तर्जनीला चिंधी गुंडाळलेली, बोटांची टोकं पानांच्या रसाने काळी पडलेली. आईने विचारलं पावसात जड जात असेल ना, तर म्हणाल्या पान ओलं असलं की वजनातून पाण्याचं वजन कापतात, भिजायचं आपण आणि कापायचं पण आपलंच.

त्या बागेत दिवसाला 24 किलो पान द्यावं लागतं. ब्रह्मपुत्रा खोऱ्यात ऑक्टोबर 2023 मध्ये दिवसाची मजुरी 250 रुपये झाली, शिवाय रेशन आणि घर. साधारण साडेचार किलो हिरव्या पानाचा एक किलो चहा होतो, म्हणजे एका बाईच्या एका दिवसात पाच किलोच्या वर. आमच्या घरी महिन्याला किलोभर लागतो. तो हिशोब अजून डोक्यातून जात नाहीये.

या कामगारांचे पणजोबा छोटा नागपूरकडून (आजच्या झारखंडच्या भागातून) करारावर आणलेले मुंडा, उरांव, संथाळ आदिवासी. पण चहा त्याच्याही आधीचा. आसाम-अरुणाचलकडचे सिंगफो आदिवासी जंगलातल्या झाडाचं पान भाजून, उन्हात वाळवून, बांबूत ठासून चुलीवर धुरवायचे, त्याला फालाप म्हणतात. 1823 मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला हे झाड दाखवलं ते सिंगफोंनीच, आणि 1839 च्या जानेवारीत लंडनमध्ये आसामच्या चहाचा पहिला लिलाव झाला. गाइडने घरून बांबूचा तुकडा आणला होता, सुरीने चकती कापून गरम पाण्यात टाकली, दूध नाही साखर नाही, चुलीजवळ बसल्यासारखा वास. मणिराम दिवाणांबद्दलही त्यानेच सांगितलं, स्वतःच्या बागा लावणारा पहिला भारतीय माणूस, 1857 च्या उठावात सामील म्हणून 1858 च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी जोरहाटलाच फाशी दिलं. आपल्याला शाळेत 1857 शिकवतात त्यात हे नाव मी कधी वाचलं नव्हतं.

फॅक्टरी पण बघा. सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल, म्हणजे पान चिरडून, फाडून, वळवणाऱ्या) मशीनच्या दातेरी रोलरमधून हिरवा चुरा पडतो आणि बघता बघता तांब्यासारखा होतो, वास आंबटगोड. आपला टपरीवरचा कडक चहा म्हणजे हाच सीटीसी, आणि हे मशीन 1930 च्या सुमारास आसाममध्येच तयार झालं.

चक्कर संपल्यावर लाइनीतल्या एका घरी मीठ घातलेला काळा चहा मिळाला. उन्हात घाम जातो म्हणून पिढ्यानपिढ्या तसाच पितात, ब्लडप्रेशरचा त्रास पण खूप आहे म्हणे. आईने अर्धा कप संपवला आणि आपल्याकडची आलेपाक वडीची पुडी तिथल्या आजींच्या हातात ठेवली.

एक गोष्ट मात्र बंद करायला हवी, पाठीवर टोपली लावून पाहुण्यांचे फोटो काढायचे दोनशे रुपये. खुडणाऱ्या बायका बाजूला उभ्या राहून वाट बघतात आणि त्यांचं पान तेवढं कमी भरतं. आम्ही नको म्हटलं.

जायचं तर गुवाहाटीहून रेल्वेने जोरहाटजवळच्या मरियानीला उतरा. साधारण डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत खुडणी बंद असते, तेव्हा जाऊ नका. बुकिंग करतानाच लाइनीतल्या गाइडबरोबरची सकाळची चक्कर मागून घ्या, आणि वेळ बागेच्या घड्याळाने विचारा.