एसएफए क्वार्टरमधला उन्हाळा: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

मार्च २०२५ मध्ये आम्हाला पुणे परिसरातल्या एका छावणीत एसएफए मिळालं. ज्यांच्या घरी कुणी फौजेत नाही त्यांच्यासाठी सांगते, एसएफए म्हणजे सेपरेटेड फॅमिली अकोमोडेशन. नवरा फिल्डला, म्हणजे जिथे बायको-मुलांना नेता येत नाही अशा ठिकाणी, आणि आम्ही छावणीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. आमचे हे हवालदार आहेत. माहेर-सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातलं. मुलगी पाचवीत, मुलगा पहिलीत. नंबर लागायला पाच महिने गेले, तोवर आम्ही गावीच होतो.

गावाकडच्या दोन-तीन बायकांनी विचारलं, "तिथं एकटीनं राहण्यात काय मिळतं? सासू-सासऱ्यांजवळ राहिलेलं काय वाईट?" त्यांना फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहून काढते. मे महिन्याबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण इथलं खरं काय आणि कागदावरचं काय ते मला त्या एका महिन्यात कळलं.

मुलांचं उन्हाळी शिबिर ५ मेला, सोमवारी सुरू झालं. सकाळी सहा ते साडेआठ. पोहणं, तायक्वांदो, चित्रकला, स्केटिंग आणि घोडेस्वारी. दोघांचे मिळून बाराशे रुपये भरले. बाहेर पुण्यात एवढ्या पैशांत एका मुलाचं आठवडाभराचं पोहणंसुद्धा होत नाही, त्यामुळे पैशांबद्दल तक्रार नाहीच.

तक्रार अर्जाबद्दल आहे आणि ती मला स्पष्ट लिहायची आहे. अर्जावर "जवानाची सही" असा एक रकाना आणि खाली युनिटचा शिक्का. मुदत तीन दिवसांची. ह्यांचा फोन तेव्हा आठवड्यातून दोनदा लागायचा, तोही लागला तर. मी कार्यालयात तीन खेपा घातल्या. "सही नाही तर अर्ज नाही," एवढंच उत्तर. ज्या क्वार्टरच्या नावातच "सेपरेटेड" आहे, तिथल्या बाईकडे नवऱ्याची सही मागायची हे कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही? शेवटी ह्यांच्या युनिटची रिअर पार्टी, म्हणजे युनिट फिल्डला गेल्यावर मागे राहिलेली तुकडी, इथे आहे, तिथल्या नायब सुभेदार साहेबांना भेटले. त्यांनी दहा मिनिटांत शिक्का मारून दिला आणि म्हणाले, "ताई, पहिल्यांदाच इकडे यायचं होतं." खरंय, पण हे सांगणारं मला कुणी नव्हतं. माझ्या शेजारणीचं युनिट इथलं नाही, रिअर पार्टीही नाही. तिच्या मुलाचा अर्ज राहिला.

दुसरं, घोडेस्वारीच्या जागा मोजक्याच. सूचना व्हॉट्सॲपच्या ज्या ग्रुपवर आली त्यात आमच्या ब्लॉकच्या बायका नव्हत्याच. आम्हाला कळलं तेव्हा जागा संपलेल्या. मुलगा दहा दिवस कुंपणाबाहेर उभा राहून घोडे बघत होता. आता ग्रुपमध्ये आमच्या ब्लॉकच्या चौघींचे नंबर घालून घेतले आहेत. ते मागे लागून करून घ्यावं लागलं, तरी झालं.

आता पोहण्याचं. आमच्या गावाकडे पोरं विहिरीत शिकतात, पाठीला डबा बांधून. सासरे म्हणाले होते की यंदा नातीला मीच शिकवणार. त्यामुळे ती हट्टानं म्हणत होती, "आजोबांशिवाय मी पाण्यात जाणार नाही." पहिले चार दिवस तिनं तलावाचा कठडा सोडला नाही. शिकवणारे उस्ताद हरियाणाचे होते. ओरडायचे नाहीत. तिच्या शेजारी पाण्यात उभे राहायचे आणि दुसऱ्यांना शिकवत राहायचे. पाचव्या दिवशी तिनं स्वतःहूनच हात सोडला.

पण पोहण्याहून मोठी गोष्ट भाषेची झाली. मुलगी चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत. एप्रिलमध्ये केंद्रीय विद्यालयात घातली. केंद्राच्या बदलीच्या नोकरीतल्यांच्या मुलांना तिथे प्रवेशात पहिला प्राधान्यक्रम आहे, म्हणून जागा मिळाली. पण वर्गात सगळं हिंदी नाहीतर इंग्रजी. महिनाभर ती शाळेत एक शब्द बोलली नव्हती. शिबिरात दुसऱ्या दिवशी उन्हात धावून आल्यावर ती म्हणाली, "मुझे तहान लगी है." पोरं हसली. उत्तराखंडातल्या पिथौरागडची एक मुलगी हसली नाही. तिनं तहान म्हणजे काय ते न विचारताच आपली बाटली पुढे केली. त्या दोघी आता एकाच बाकावर बसतात. जून उजाडेपर्यंत माझी लेक हिंदीत भांडायला लागली होती, आणि मला एवढा आनंद झाला की मी तिला रागावलेच नाही. शाळेच्या वर्गात हे झालं नसतं. तिथे चुकलं की वहीत लाल शाई असते, मैदानात कुणाकडे लाल पेन नव्हतं.

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी ७ मे होता.

२२ एप्रिलला पहलगामचा दहशतवादी हल्ला झाला तेव्हापासून आमच्या ब्लॉकमध्ये आवाज खाली आले होते. हे १० मेला गावच्या यात्रेसाठी रजेवर येणार होते, ती रजा रद्द झाली. ६ तारखेपासून फोन बंद. ७ ला पहाटे मी मुलांचे डबे भरत होते आणि शेजारच्या क्वार्टरमधून टीव्हीचा आवाज आला, ऑपरेशन सिंदूरची बातमी. मग सगळ्या क्वार्टरमधून. त्याच दिवशी देशभर मॉक ड्रिल होतं, सायरन वाजणार होते. मुलाला सांगितलं की सराव आहे. त्यानं विचारलं, "पप्पांकडे पण सरावच आहे का?"

त्या दिवशी मुलांना शिबिराला पाठवावं की नाही, यावर जिन्यात पाचसहा जणी उभ्या होतो. तेवढ्यात निरोप आला की शिबिर चालू राहणार, बसही वेळेवर येणार. दुपारी चारला फॅमिली वेल्फेअर सेंटरच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. एका कमांडिंग ऑफिसरच्या मॅडम, म्हणजे त्यांच्या पत्नी, बोलल्या. त्यांचे साहेबही तिकडेच होते. मॅडम एकूण सातआठ मिनिटंच बोलल्या असतील. कुणाचं युनिट कुठे आहे हे फोनवर कुणालाही सांगायचं नाही, नातेवाइकांनासुद्धा नाही. आलेले व्हिडिओ पुढे पाठवायचे नाहीत. मुलांसमोर टीव्ही लावायचा नाही. रात्री कुणाला एकटीनं बसवणार नाही तिनं खालच्या मजल्यावर यायचं. आणि दोन फोन नंबर फळ्यावर लिहिले, ते चोवीस तास उचलले जातील म्हणाल्या. मी रात्री दीड वाजता एकदा लावून बघितला. खरंच उचलला. काय बोलायचं ते मला सुचेना. पलीकडची ताई म्हणाली, "बोला नाही बोला, मी आहे." मी तीनचार मिनिटं नुसती धरून बसले.

आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन, आपण सगळ्या जिला आवा म्हणतो, ती फौजींच्या बायकांची १९६६ सालची संस्था. तिची वेल्फेअर मीट म्हणजे साडी नेसून जायचं, नाच बघायचा, चहा-समोसा घ्यायचा, असंच मला आधी वाटायचं. काही मीट तशाच असतात, खोटं कशाला सांगू. पण त्याच मीटमध्ये एकमेकींची तोंडओळख झालेली असते, म्हणून ७ मेच्या दुपारी हॉलमध्ये मला कुणी परकी वाटली नाही.

१० तारखेला संध्याकाळी गोळीबार थांबल्याची बातमी आली. ह्यांचा मेसेज आला १२ ला. एवढाच: "ठीक आहे. मुलं पोहायला जातात का?"

मी तो अजून पुसलेला नाही.

पुढच्या आठवड्यात शिबिरात मुलांकडून पत्रं लिहून घेतली. ५६ एपीओचा, म्हणजे फौजेच्या पोस्ट ऑफिसचा, पत्ता फळ्यावर लिहून दिला होता. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, तिकडे पत्त्यात गावाचं नाव नसतं. नंबर, नाव, युनिट आणि ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, बाकीचं फौजेचं पोस्ट बघतं. मुलानं घोडा काढला होता, पाच पायांचा. मुलीनं लिहिलं होतं की मी कठडा सोडला. पत्र पोचायला एकोणीस दिवस लागले. फोनवर आम्ही हे सगळं आधीच सांगून झालं होतं, तरी ह्यांनी ते आम्हाला पुन्हा वाचून दाखवलं, पाचव्या पायासकट.

शिबिराच्या यादीत नसलेला एक उपक्रम मात्र मला सगळ्यात जवळचा आहे: गच्चीवरचं वाळवण. एप्रिलच्या शेवटी मी एकटीच कुरडया घालायच्या म्हणून गहू भिजत घातले. तीन दिवस पाणी बदलत होते, वास जिन्यात गेला. वरच्या मजल्यावरची तमिळ अक्का विचारायला आली, काही नासलंय का? मी तिला चीक दाखवला. ती घरी गेली आणि तांदळाच्या वडामचा, म्हणजे त्यांच्याकडच्या कुरडयांचा, साचा घेऊन आली, अगदी आपल्या सोऱ्यासारखा, फक्त पितळेचा. पिथौरागडच्या भाभी म्हणाल्या की त्यांच्याकडे उडदाच्या बड्या घालतात, पण थंडीच्या तोंडावर. "इथे थंडी कुठे, आत्ताच घालू," म्हणून त्यांनीही डाळ वाटली. सकाळी साडेसहाला गच्चीवर सहा जुन्या साड्या अंथरलेल्या. कुरडईला चीक शिजवताना हाताला भिंगरी लागते, एकटीच्यानं होत नाही. तो आम्ही चौघींनी आळीपाळीनं घोटला. गरम चीक दूध-साखर घालून मुलांना वाट्यांत दिला, तेव्हा अक्काच्या मुलानं वाटी पुन्हा पुढे केली. कावळे हाकलायची पाळी मुलांची, त्यांनी तक्ता लावला होता.

त्याचा दुसरा घाणा १९ मेला घातला आणि तो फसला. २०२५ मध्ये पाऊस किती लवकर आला ते आठवत असेलच. २६ मेलाच मान्सून पुण्या-मुंबईत दाखल झाला होता, आणि त्याआधीच वळवानं झोडपलं होतं. वाळवण भिजलं, शिबिराचा शेवटचा आठवडाही जवळजवळ वाया गेला. मैदानात चिखल, तलाव बंद. मुलांना हॉलमध्ये बसवून कॅरम दिला. आयोजकांनी पावसाची काहीच सोय ठेवली नव्हती, हे मात्र मला पटलं नाही.

बाकीच्या सोयींचं थोडक्यात सांगते. वेल्फेअर सेंटरचा तीन महिन्यांचा शिवणवर्ग मी जुलै ते सप्टेंबर केला. शिकवणाऱ्या बाई उत्तम, मशिनी जुन्या. दिवाळीपर्यंत मी ब्लॉकमधल्या नऊ ब्लाउजांचे पैसे घेतले. लग्नानंतरची ती माझी पहिली स्वतःची कमाई. फौजेच्या कॅन्टीनमध्ये किराणा स्वस्त पडतो, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मात्र जाऊ नका, रांग असते.

दवाखान्याचा अनुभव संमिश्र. ऑगस्टमध्ये मुलाला ताप होता, एमआय रूममध्ये, म्हणजे छावणीतल्या दवाखान्यात नेलं, तर डिपेंडंट (आश्रित) कार्डावरचं नाव आणि रेकॉर्डमधलं नाव यांत एका अक्षराचा फरक. पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे युनिट जवानाच्या कुटुंबाची नोंद करतं त्या कागदावर, कारकुनानं चुकीचं टाकलेलं. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, अडवलं नाही. पण नाव दुरुस्त व्हायला चार महिने लागले. बाळ झाल्याबरोबर पार्ट टू ऑर्डरची प्रत मागून घ्या आणि जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.

मुलांच्या शिक्षणाचा भत्ता १ जानेवारी २०२४ पासून दर मुलामागे महिना २८१२ रुपये ५० पैसे आहे, दोन मुलांपर्यंत. शाळेचा दाखला जोडावा लागतो. तो मार्चअखेर घ्या, मेमध्ये शाळेचं ऑफिस अर्धं बंद असतं.

ज्या गावीच राहतात त्यांच्यासाठी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. आमच्या बांधाचा वाद भावकीत आहे. हे नसताना नोटीस आली की सासऱ्यांचा रक्तदाब वाढतो. फिल्डवर असलेल्या जवानाच्या पाठीमागे त्याचा दावा एकतर्फी चालू नये म्हणून १९२५ चा कायदा आहे, युनिटकडून तसं प्रमाणपत्र मिळतं आणि कोर्टाला काम थांबवावं लागतं. शिवाय २६ जुलै २०२५ ला नालसानं, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं, वीर परिवार सहायता योजना सुरू केली, तिच्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातच मोफत कायदेशीर मदत द्यायची आहे. साताऱ्याला सासरे स्वतः जाऊन आले. येताना त्यांचा चेहरा हलका होता, असं सासूबाई म्हणाल्या.

ज्यांचे घरचे येत्या उन्हाळ्यात फिल्डला जात आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं: ते घरी असतानाच युनिटकडून तुमच्या नावानं अधिकारपत्र करून घ्या, की शाळा, शिबिर, दवाखाना, कॅन्टीन इथल्या कागदांवर पत्नीची सही चालेल. माझं ऑक्टोबरमध्ये झालं, ह्यांच्या रजेत. त्याच पत्राची झेरॉक्स जोडून आता मी शेजारणीलाही तिच्या युनिटला अर्ज करायला लावला आहे. आणि छावणीच्या कार्यालयाला आम्ही अकरा जणींनी सह्या करून लिहून दिलंय की शिबिराच्या अर्जावर "जवानाची किंवा पत्नीची सही" असं छापा. अजून उत्तर आलेलं नाही. जानेवारीत पुन्हा जाणार आहोत.

गहू या वेळी मार्चअखेरच भिजत घालणार, पावसाचा भरवसा नाही. अक्काची बदली झाली, ती जूनमध्ये झाशीला गेली. जाताना साचा आमच्याकडेच ठेवून गेली.