छोट्या विमानतळावरची क्लोकरूम: लेओव्हरचे पाच-सहा तास सत्कारणी लावणारी सेवा

छोट्या शहरात पाच-सहा तासांचा लेओव्हर (दोन उड्डाणांमधला थांबा) असेल, तर विमानतळावरच्या सगळ्या सोयींमध्ये सर्वांत उपयोगी असते ती सामान ठेवण्याची खोली, म्हणजेच क्लोकरूम. लाउंज, दुकानं, वायफाय यांचा नंबर त्यानंतरचा. कारण साधं आहे: छोट्या शहराचा विमानतळ बहुतेक वेळा गावापासून जवळ असतो, पण दोन बॅगा ओढत गाव पाहता येत नाही. हात मोकळे झाले की मगच लेओव्हरचा उपयोग सुरू होतो.

क्लोकरूम लागणार आहे का, हे आधी ठरवा. दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर असतील तर चेक-इन केलेलं सामान बहुतेक वेळा थेट शेवटच्या मुक्कामी जातं. खात्रीसाठी बॅगेच्या टॅगवर मोठ्या अक्षरांत छापलेला तीन अक्षरी कोड वाचा. तो शेवटच्या विमानतळाचा असेल तर तुमच्या हातात फक्त केबिन बॅग राहते. मधल्या विमानतळाचा असेल तर पट्ट्यावरून सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागेल. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर हेच गृहीत धरा. काही देशांत, टॅग शेवटपर्यंतचा असला तरी, पहिल्यांदा प्रवेश करता त्या विमानतळावर कस्टम्ससाठी सामान उचलावंच लागतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात बाहेर पडायला त्या देशाचा व्हिसा लागतो का, हेही तिकीट काढतानाच बघायचं. काही छोट्या विमानतळांवर ट्रान्झिटची वेगळी वाटच नसते, त्यामुळे नुसतं विमान बदलायलासुद्धा इमिग्रेशनमधून जावं लागतं.

आता खुद्द क्लोकरूमबद्दल. मोठ्या विमानतळावर ती रात्रंदिवस चालू असू शकते. छोट्या ठिकाणी तसं गृहीत धरू नका. कित्येकदा खिडकी विमानांच्या वेळेनुसार उघडते आणि दुपारच्या मोकळ्या वेळेत बंद असते. म्हणून सामान देताना ‘किती वाजेपर्यंत उघडं आहे’ एवढंच विचारून भागत नाही. ‘मी अमुक वाजता परत येईन, तेव्हा खिडकीवर माणूस असेल का’ असं वेळ सांगून विचारा. ठेवलेली बॅग वेळेवर परत न मिळणं ही या सेवेतली सर्वांत महागात पडणारी अडचण आहे, आणि ती जवळजवळ नेहमी हा प्रश्न न विचारल्यामुळे येते. पैसे बॅगेमागे घेतात की तासांवर, आणि ‘एक दिवस’ म्हणजे 24 तास की मध्यरात्रीपर्यंत, हेही तिथेच स्पष्ट करून घ्या.

बॅग देण्याआधी पासपोर्ट, औषधं, पैसे, लॅपटॉप आणि पॉवर बँक बाहेर काढा. बऱ्याच ठिकाणी सामान एक्स-रेतून जातं आणि लिथियम बॅटरी आत राहू देत नाहीत. खिडकीवर बॅग उघडून तळाशी गेलेली पॉवर बँक शोधण्यात दहा मिनिटं सहज जातात. पुढच्या विमानासाठीही ती केबिनमध्येच ठेवावी लागते. 20,000 एमएएचची पॉवर बँक 3.7 व्होल्टच्या हिशेबाने 74 वॉट-अवर भरते, म्हणजे नेहमीच्या 100 वॉट-अवरच्या मर्यादेत बसते. बॅगेला कुलूप लावा, बाहेरून एक फोटो काढा, पावतीचाही काढा. पावती हरवली तर ओळखपत्र दाखवून, आतल्या वस्तू सांगून बॅग सोडवता येते, पण त्याला लागणारा वेळ लेओव्हरमध्ये नसतो.

माणसाऐवजी लॉकर असतील तर आधी मापाचा अंदाज घ्या. 55 सेंटिमीटरची केबिन बॅग बसते, मोठी सुटकेस लहान कप्प्यात जात नाही, आणि मोठे कप्पे मोजकेच असल्याने तेच आधी भरतात. काही यंत्रं फक्त नाणी घेतात, आणि नुकत्याच उतरलेल्या माणसाकडे नेमकी तीच नसतात. कोडची चिठ्ठी छापून येते, तिचा फोटो लगेच काढलेला बरा.

वेळेचा हिशेब कागदावर मांडा. देशांतर्गत सहा तासांचा लेओव्हर म्हणजे 360 मिनिटं. उतरून बाहेर यायला 30, उड्डाणाआधी परत पोचायला 90, जाणं-येणं 40, क्लोकरूमला दोन्ही वेळचे मिळून 30, चुकामुकीला 20. हाती उरतात अडीच तास. आंतरराष्ट्रीय असेल तर दोन तासही उरत नाहीत. चार तासांपेक्षा कमी लेओव्हर असेल तर बाहेर पडू नये, हे आमचं स्पष्ट मत. मोठ्या शहरात विमान चुकलं तर तासा-दोन तासांनी दुसरं असतं. छोट्या शहरातून त्या मार्गावर दिवसातून एकच उड्डाण असू शकतं. आधीचं विमान उशिरा आलं तर ते नुकसान गावातल्या वेळेतूनच वजा करायचं, परतीच्या 90 मिनिटांना हात लावायचा नाही.

बाहेर जाताना टॅक्सी सहज मिळते, अडचण परतीला येते. छोट्या विमानतळावर टॅक्स्या विमान उतरायच्या वेळी गोळा होतात, गावात मात्र ॲपवर गाडी दिसेलच असं नाही. नेणाऱ्याच ड्रायव्हरला परतीची वेळ आणि जागा सांगून ठेवा आणि त्याचा नंबर घ्या. परतीचे पैसे परतल्यावरच द्या. बसने जायचं ठरवलं तर परतीची शेवटची बस आधी पाहा, रविवारी वेळापत्रक वेगळं असू शकतं. संग्रहालय पाहायचं असेल तर सोमवारची सुट्टी तपासा.

लाउंजबद्दल थोडक्यात: बऱ्याच लाउंजमध्ये उड्डाणाच्या तीन तासांपेक्षा आधी प्रवेश मिळत नाही, त्यामुळे सहा तासांतला निम्मा वेळ तरी तुम्ही बाहेरच. पाऊस किंवा थकवा असेल तर पैसे वसूल, एरवी क्लोकरूमच स्वस्त आणि सरस.

परत आल्यावर आधी बॅग सोडवा, चहा नंतर. छोट्या ठिकाणी सुरक्षा तपासणीची एकच रांग असते आणि विमान भरायच्या सुमारास सगळे प्रवासी एकदमच तिथे येतात.