फाइलवरची परवानगी की शेअरवरची? विंडोज वापरणाऱ्या छोट्या कार्यालयासाठी तुलना

कार्यालयातील एका संगणकावर हिशेबाचे फोल्डर ठेवून ते नेटवर्कवरून इतरांना उघडू द्यायचे ठरले, की विंडोजमध्ये परवानग्या भरण्याच्या दोन जागा समोर येतात. फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'सिक्युरिटी' आणि 'शेअरिंग' असे दोन टॅब असतात. दोन्हीकडे माणसांची व गटांची नावे आणि 'अलाउ'-'डिनाय'चे चौकोन भरता येतात, त्यामुळे यांपैकी कोणतेही एक भरले की काम झाले असा समज होतो. हा समज चुकीचा आहे, आणि त्यातूनच एक तर नको त्याला फाइल दिसते किंवा हवी त्याला ती साठवता येत नाही.

'सिक्युरिटी'मधली परवानगी एनटीएफएस या फाइल व्यवस्थेची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीची असते. ही व्यवस्था १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आली. परवानगीची नोंद डिस्कवर फाइलसोबतच राहते, म्हणून माणूस त्याच संगणकासमोर बसलेला असो, रिमोट डेस्कटॉपने (दुरून त्या संगणकाचा पडदा चालवत) आत आलेला असो वा दुसऱ्या टेबलावरून नेटवर्कने येत असो, ती तपासली जातेच. 'शेअरिंग'मधली, म्हणजे शेअरची (नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरची) परवानगी फक्त नेटवर्कने येणाऱ्याला अडवते, आणि रिमोट डेस्कटॉपने आलेला माणूस या हिशेबात त्या संगणकासमोर बसलेलाच मानला जातो. शिवाय ती त्या संगणकाच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, नोंदलेली असते. डिस्क काढून नव्या संगणकाला जोडली तर एनटीएफएसच्या परवानग्या सोबत जातात, शेअर मात्र पुन्हा तयार करावे लागते.

बारकाव्याच्या बाबतीत दोहोंची बरोबरी होत नाही. शेअरवर 'रीड' (फक्त वाचणे), 'चेंज' (फाइली बदलणे व पुसणेही) आणि 'फुल कंट्रोल' (परवानग्या बदलणेही) अशा तीनच पायऱ्या आहेत आणि त्या शेअरखालच्या सगळ्या फोल्डरांना सरसकट लागू होतात. एनटीएफएसमध्ये फोल्डरसाठी सहा मूलभूत परवानग्या आणि त्यांखाली आणखी सूक्ष्म परवानग्या आहेत, त्या वरून खाली वारशाने उतरतात, आणि एखाद्या उपफोल्डरसाठी तो वारसा तोडून वेगळे नियम घालता येतात. पगारपत्रके आणि रोजची बिले एकाच शेअरमध्ये ठेवायची असतील, तर हे काम एनटीएफएसकडेच द्यावे लागते.

नेटवर्कने येणाऱ्याला दोन्ही चाळण्यांतून जावे लागते आणि त्यांतली जी अधिक बारीक, तीच अखेर लागू होते. प्रत्येक चाळणीच्या आत मात्र उलट घडते: एक व्यक्ती अनेक गटांत असेल तर त्या गटांच्या परवानग्यांची बेरीज होते. 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग'मधून नवे शेअर केले की मूळ परवानगी सर्वांना 'रीड' एवढीच असते. अशा शेअरवर एनटीएफएसमध्ये लेखा विभागाला 'मॉडिफाय' (फाइल बदलण्याची परवानगी) दिले तरी त्यांना नेटवर्कवरून फाइल फक्त वाचता येते, आणि दोष नसलेल्या एनटीएफएसच्या परवानग्या उगाच तपासण्यात वेळ जातो.

म्हणून माझा सल्ला असा, की सगळे बारीक नियम एनटीएफएसमध्ये घालावेत आणि शेअरवर लॉग ऑन केलेल्या सर्वांना, म्हणजे 'ऑथेंटिकेटेड युजर्स'ना, 'चेंज' देऊन ती बाजू तिथेच सोडावी. पुष्कळ जण तिथे 'फुल कंट्रोल' देतात. मला ते पटत नाही. स्वतः तयार केलेल्या फाइलचा माणूस मालक असतो आणि मालकाला तिच्या परवानग्या बदलण्याचा अधिकार आपोआप मिळतो. शेअरवर 'चेंज' असेल तर नेटवर्कवरून हा अधिकार वापरता येत नाही. संगणकाच्या व्यवस्थापकासाठी (ॲडमिनिस्ट्रेटरसाठी) तेवढे 'फुल कंट्रोल' ठेवावे.

'डिनाय' शक्यतो वापरूच नये. एखाद्या गटाला ते लावले की त्या गटातली जी व्यक्ती दुसऱ्या गटामुळे पात्र असते, तीही अडते, आणि कारण शोधणे जिकिरीचे होते. नाव यादीत नसणे हाच पुरेसा नकार आहे.

एनटीएफएसची एक अडचण मात्र शेअरला नाही. एकाच ड्राइव्हवर एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवलेली फाइल सहसा जुन्याच परवानग्या घेऊन जाते, तर नक्कल केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या स्वीकारते. सर्वांसाठी खुल्या फोल्डरातली फाइल बंदिस्त फोल्डरात हलवली, तर ती त्यानंतरही खुलीच राहू शकते.

एक्सफॅट किंवा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या बाह्य ड्राइव्हवर 'सिक्युरिटी' टॅबच नसतो. तिथे शेअरची परवानगी एवढाच आधार उरतो, आणि त्या संगणकासमोर बसलेल्या कोणालाही सगळे काही उघडे असते. गोपनीय फाइली अशा ड्राइव्हवर ठेवू नयेत.

सगळे लावून झाल्यावर खात्री दुसऱ्या संगणकावरून, त्या कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या लॉगिननेच करावी, कारण व्यवस्थापकाच्या लॉगिनने सगळेच उघडते. कर्मचाऱ्याचे नाव गटात नुकतेच घातले असेल, तर त्याला आधी लॉग ऑफ करून पुन्हा आत यायला सांगावे. गटांची यादी लॉग ऑन होतानाच ठरते.