फोंड्यातला घरगुती डबा: जेवणाला चार तारे, पेजेला पाच

डबा देणाऱ्या बाईंचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावलंय. "आनीक गिरायकां नाकात," म्हणाल्या, म्हणजे आणखी गिऱ्हाइकं नकोत. स्वयंपाकघरात दोन शेगड्या, मागच्या पडवीत एक चूल, आणि त्यावर रोज चाळीसेक माणसांचं जेवण. त्यापुढे त्यांना जायचंच नाही. तरी लिहितेय, कारण डबा लावायच्या आधी मी जे काही शोधून वाचलं त्यात चव, भाव आणि वेळ एवढंच होतं. अंगावर पाजणारी बाई घरात असताना डबा कसा चालतो, हे कुठेच नव्हतं.

नवऱ्याची नोकरी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, आमचा फ्लॅट फोंड्यात तिस्काजवळ, दोन बेडरूमचा. मुलगी तेव्हा चार महिन्यांची. माझी आई सावंतवाडीहून येऊन तीन महिने राहून नुकतीच परत गेलेली. आणि नाताळच्या सुट्टीत नाशिकरोडहून मंगला एक्स्प्रेसने सासरची सात माणसं मडगावला उतरली: सासूबाई, सासरे, चुलत सासूबाई म्हणजे आमच्या काकू, दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं. सगळ्यांना बाळ बघायचं होतं, आणि बाळ बघून झालं की गोवा.

नवरा म्हणाला, "बाहेरून मागवू." नऊ दिवस? सासऱ्यांना बीपी, काकूंना तिखट सोसत नाही, आणि नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात गोव्यात हॉटेलात जायचं म्हणजे आधी गाडी कुठे लावायची याचीच चिंता. मी २६ आठवड्यांच्या रजेवर, म्हणजे घरीच, म्हणजे रिकामीच, असं सगळ्यांचं न बोलता ठरलेलं. शेवटी शेजारच्या माईंनी या बाईंचा नंबर दिला.

ठरलं ते असं. फक्त दुपारचा डबा. सोमवारी आणि गुरुवारी शिवराक म्हणजे शाकाहारी, बाकीचे दिवस नुस्तं म्हणजे मासे. शिवराक १३० रुपये, नुस्त्याचं १८०, मुलांचं निम्म्यात. डबे स्टीलचे, चार पुडांचे, त्यांची ५०० रुपये अनामत. रात्रीचं आमचं आम्ही: मुगाची खिचडी, नाहीतर दीर खाली जाऊन भाजी-पाव आणायचे.

पहिल्या दिवशीचा डबा मी अजून विसरले नाही. वरच्या पुडात रव्यात तळलेले मुडदुशे मासे, त्याखाली ओलं खोबरं घातलेली तांबडी भाजी, मग बांगड्याचं हुमण म्हणजे कालवण आणि तळाला भात. सोलकढी वेगळ्या बाटलीत. हुमणाचा रंग नाशिकच्या रश्श्यासारखा लालभडक नाही, केशरीकडे झुकणारा. खोबरं इतकं बारीक वाटलेलं की बोटांच्या चिमटीत धरून चोळलं तरी कण लागत नव्हता. पाट्यावर वाटतात की मिक्सरवर, हे विचारायचं राहूनच गेलं. तेफळांचा वास जिन्यातच आला होता. मी सावंतवाडीची, मला सांगायला नको. पण काकूंना कुणी सांगितलंच नाही की तेफळ बाजूला काढायचं असतं. त्यांनी ते वेलदोड्यासारखं दाताखाली धरलं. मग पाच मिनिटं त्या बोलल्या नाहीत, आणि काकू पाच मिनिटं बोलल्या नाहीत ही आमच्या घरात नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. "जीभच झोपली गं," हे त्यांचं पुढचं वाक्य.

दुसरी गंमत पोळीची. सासऱ्यांना नुसत्या भाताने जेवल्यासारखं वाटत नाही. सासूबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं, "उद्यापासून वीस पोळ्या पाठवत जा." बाईंनी मान्य केलं. दुसऱ्या दिवशी डब्यांबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक गरम बोचकं आलं. सोडलं तर आत वीस गोल, फुगलेले, कोंडा भुरभुरलेले पाव. गोव्यात पोळी म्हणजे पोदेराची, पाववाल्याची पोळी, तव्यावरची ती चपाती, हे सासूबाईंना कुठून माहीत असणार? आणि नाशिकला घडीच्या पोळीला पोळी म्हणतात हे बाईंना तरी का माहीत असावं? चूक असेल तर माझी. दोन्ही भाषा घरात मलाच येतात आणि मी तेव्हा बाळाला ढेकर काढायला खांद्यावर टाकून खिडकीशी उभी होते.

वीस पोळ्या वाया मात्र गेल्या नाहीत. काकू नाशिकहून बाळगुटी उगाळायला मधाची बाटली घेऊन आल्या होत्या. वर्षाच्या आत बाळाला मध द्यायचा नसतो, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो आणि आमच्या डॉक्टरीणबाईंनी सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको म्हणून सांगितलंय, हे मी जमेल तितक्या गोड आवाजात सांगितलं. काकू गप्प बसल्या, तेही तेफळाशिवाय. बाटली ओट्यावर राहिली. सासऱ्यांनी ती पोळीला लावून चार दिवसांत संपवली. "हे तर नानसारखं, पण बरं," असा त्यांचा शेरा.

नंतर चपात्याही मागवून पाहिल्या. जाड, कडा कोरड्या, दुपारी दोनपर्यंत पापड. भात खाणाऱ्या हातच्या चपात्या. मागवू नका. पोदेर सकाळ-संध्याकाळ सायकलवर भोंगा वाजवत दारात येतो, त्याच्याकडून घ्या.

शिवराक डबा हा माझ्या मते यांचा खरा हातखंडा. गुरुवारी अळसांद्यांचं, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याचं तोंडाक आलं, सोमवारी खतखतं. खतख‌त्यात सुरण, नवलकोल, मुळा, शेंगा, मक्याच्या कणसाचे तुकडे, प्रत्येक भाजी आपापली शिजलेली आणि तरी एकही मोडलेली नाही. जाऊबाईंनी दोनदा वाढून घेतलं आणि मग कृती विचारायला फोन केला. बाईंनी सांगितली, पण त्यात प्रमाण एकही नव्हतं.

आता पेज.

डबा ठरवताना फोनवर मागे बाळ रडत होतं. बाईंनी विचारलं, केवढं आहे? चार महिन्यांचं म्हटल्यावर दोन क्षण गप्प, आणि मग, "पेज धाडूं?" मी म्हटलं किती पैसे? "पैशे मागीर पळोवया," पैशांचं नंतर बघू. दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेदहाला त्यांचा मुलगा स्कूटरवरून कॉलेजला जाता जाता एक छोटी किटली देऊन जायला लागला. जुन्या पंच्यात गुंडाळलेली. आत उकड्या तांदळाची पेज, मिठाची, आणि बरोबर कागदाच्या पुडीत चेपणीतल्या तोराची, म्हणजे मिठात मुरवलेल्या कैरीची एक फोड.

उकडे तांदूळ म्हणजे साळीतच, टरफलासकट उकडून मग कांडलेले. त्या उकडण्यात कोंड्यातली काही जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात, म्हणून साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा ते बरे. पण शिजायला हट्टी. आई गेल्यावर मी दोनदा घरी कुकरला लावून पाहिले. एकदा दाणे टचटचीत, एकदा शिट्टीतून सगळी पेज ओट्यावर. बाईंची पेज चुलीवर रटरटलेली असते. दाणा फुटून फुललेला, तरी अख्खा. वरचं पाणी दाट, गुलाबीसर.

पण हे सगळं सोडा. पेजेचा मोठा गुण असा की ती एका हाताने पिता येते. हे लिहिण्यासाठीच खरं तर हा सगळा प्रपंच. घरात नऊ माणसं जेवायची आणि प्रत्येक जण म्हणायचा, "दे गं बाळाला इकडे, तू जेव." प्रेमाने म्हणायचे, खोटं नाही. पण ताटं मांडल्याचा आवाज झाला की आमच्या मुलीला बरोब्बर भूक लागते. मग मी आतल्या खोलीत, आणि बाहेर हुमण. परत येईपर्यंत भात निवलेला, मुडदुशे मऊ पडलेले, आणि मासा म्हटला की काटे काढायला दोन हात हवेत. डाव्या हातावर बाळ आणि उजव्या हाताने बांगडा सोलून बघा एकदा. पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त लागतात. माझ्या त्या नऊ दिवसांतल्या ६०० त्या किटलीतून आल्या. साडेदहाला मंडळी मिरामारला नाहीतर जुन्या गोव्याला निघून गेलेली असायची, मुलांचे ओले कपडे बाल्कनीच्या दोरीवर ठिबकत असायचे, आणि मी भिंतीला उशी लावून एका हातात बाळ, दुसऱ्या हातात पेला. मध्येच तोराची फोड चोखायची. खारट, आंबट, कानशिलं झणझणतील अशी.

माशावरून घरात एक परिषदच भरली. आईने सावंतवाडीहून फोन करून सांगितलं, "मुशी खा, दूध वाढतं." आमच्याकडे बाळंतिणीला मुशी देण्याची रीतच आहे, गोव्यात तिलाच मोरी म्हणतात. काकूंचं म्हणणं, मासा थंडही नाही गरमही नाही, मासा मुळातच नको. सासूबाईंना खोबऱ्याचीच धास्ती, बाळाला कफ होईल. मी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, शिकार करून जगणाऱ्या मोठ्या माशांत पारा साठतो, मोरी त्यातलीच, ती टाळा. तारले, बांगडे असले लहान मासे खुशाल खा. हे बाईंना कळवलं. त्यांनी वाद घातला नाही, शनिवारच्या डब्यात माझ्यासाठी वेगळ्या वाटीत तारल्यांचं कमी तिखटाचं सुकं आलं. झाकणावर स्केचपेनने 'बाळंतीण' असं लिहिलेलं. कफ कुणालाच झाला नाही.

तक्रारी आहेत. पाच ताऱ्यांतला एक उगाच नाही कापलेला.

पहिली, वेळ. एरवी साडेबाराला डबा हजर. ३१ डिसेंबरला पावणेतीनला आला. रस्त्यावर गाड्यांची रांग होती हे कबूल, पण निरोप द्यायला काय झालं? फोन उचलत नाहीत, मेसेज बघत नाहीत. हात पिठात असतात म्हणे. तोवर मुलांनी बिस्किटांचे दोन पुडे आणि शेजारच्या माईंनी नाताळला दिलेल्या ताटलीतल्या सगळ्या नेवऱ्या फस्त केल्या होत्या. दोदोल तेवढा राहिला, तोही सासऱ्यांनी लपवून ठेवल्यामुळे.

दुसरी, सोलकढीची बाटली. बूच बसतच नाही. दोनदा पिशवीत सांडली, एकदा वाढदिवसाला मिळालेल्या पांढऱ्या टॉवेलवर. आमसुलाचा डाग जात नाही. टॉवेल आता लादी पुसायला.

तिसरी त्यांची तक्रार नव्हे, माझ्यासारख्यांना सूचना. डबे घासून परत द्यायचे असतात. डबा लावला की काम संपलं असं ज्यांना वाटतं त्यांनी नऊ माणसांच्या डब्यांचे तेलकट पुडे एकदा घासून बघावेत. पहिले दोन दिवस ते जाऊबाईंनी आणि मी केलं. तिसऱ्या दिवशी मी बाळाला घेऊन आत गेले आणि मुद्दाम बाहेर आलेच नाही. चौथ्या दिवसापासून दीर घासायला लागले. चांगले घासतात, फक्त पाणी फार घालवतात.

मंडळी गेली तेव्हा हिशोब केला. पेजेचे पैसे विचारले तर किटलीमागे ३० रुपये लावले, तेही मी दोनदा विचारल्यावर. जेवणाचा डबा बंद केला, पेज चालू ठेवलीय. तुम्हाला फोंड्यात, नाहीतर कुठेही, पाहुण्यांसाठी डबा लावायचा असेल आणि घरात तान्हं मूल असेल, तर भाव विचारायच्या आधी विचारा: सकाळची पेज देता का? काटे काढलेला मासा वेगळा देता का? हो म्हणाल्या तर बाकीचं जमतं. पोळी म्हणजे काय हेही आधीच ठरवून घ्या.

अनामत मात्र अजून परत आलेली नाही, आणि दोष आमचाच आहे. एका डब्याचं झाकण कमी भरलं. सगळं घर शोधलं, ओट्याखाली, बाळाच्या दुपट्यांत, शेवटी केराच्या डब्यातसुद्धा. चार दिवसांनी जाऊबाईंचा नाशिकहून फोटो आला. धाकट्याच्या बॅगेत, मिरामारच्या वाळूसकट. किल्ला करायला नेलं होतं. बाईंना सांगितलं तर हसल्या. पुढच्या खेपेला येताना आणतील म्हटलं, तोवर त्यांनी त्या डब्यावर बशी ठेवलीय.