वाड्यामागची राहुटी : साडेसात महिन्यांच्या वापरानंतर

पुरंदर तालुक्यातल्या एका जुन्या वाड्यामागच्या आमराईत पाच मीटर व्यासाचा सुती बेल टेंट (मधल्या एका खांबावरचा घंटेच्या आकाराचा तंबू) ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत उभा होता. उपयोग एकच : शनिवार-रविवारी पुण्याहून येणाऱ्या जोडप्यांचा मुक्काम. कापड चौरस मीटरला २८५ ग्रॅमचं, मधला खांब ३ मीटर, कनात (बाजूची उभी कापडी भिंत) ६० सेंटीमीटर, तळाचं जाड कापड चेनने सुटं होणारं. आत जवळपास २१० चौरस फूट जागा मिळते. पण तणावे (तंबू ताणून धरणारे दोर) धरून ८ मीटरचं मोकळं वर्तुळ लागतं, आणि जागा हेरताना बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो.

मत आधीच सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तंबू फार सुखाचा. मार्चपासून वर दुसरं छत नसेल तर पाहुणे घेऊ नका. पावसाळ्यात उभा ठेवूच नका.

नवं कापड थेट वापरायला काढू नये. तंबू उभारून नळीने पूर्ण भिजवायचा, कडक वाळू द्यायचा, असं तीन वेळा. सुताचा धागा पाण्याने फुगतो आणि शिवणीची भोकं बुजतात. पहिल्या भिजवणीत शिवणींतून पाणी ठिबकतं, तो दोष नव्हे. तिसऱ्या वेळीही ठिबकलं तर मात्र त्या शिवणीला मेण लावावं लागतं.

सोबत आलेल्या मेखा वीतभर लांबीच्या होत्या, त्या मुरमात वाकल्या. लोहाराकडून १२ मिलीमीटरच्या सळईच्या दीड फुटी मेखा करून घेतल्या, त्यानंतर एकही उपटली नाही. मेखेचं डोकं तंबूपासून बाहेर कललेलं हवं. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि घट्ट मेखही सैल होते, म्हणून तिथे आठवड्याला एकदा प्रत्येक मेख हलवून पाहायची. जुन्या वाड्याच्या आवारात आणखी एक पथ्य पाळावं लागतं. विहिरीपासून हौदाकडे गेलेले खापरी नळ मातीखाली असू शकतात, त्यामुळे आधी पातळ सळईने चाचपून मगच मेखसू (मेखा ठोकायचा हातोडा) उचलायचा. तणावा वाड्याच्या सागवानी खांबाला किंवा भिंतीतल्या कडीला कधीही बांधू नका. चुन्यात बसवलेली कडी वाऱ्याच्या हिसक्यांनी ढिली होते आणि सोबत चुनाही ओढून आणते.

थंडीत तक्रार येते ती दवाची. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास उतरतं, दोन माणसांच्या श्वासाची वाफ थंड कापडावर जमते आणि पहाटे गादीची कड ओलसर लागते. शेंड्याजवळची झडप थंडी वाजते म्हणून बंद करण्याचा मोह होतो, पण ती उघडीच ठेवायची. त्याऐवजी रजई जाड द्यावी आणि पलंग कनातीपासून हातभर आत घ्यावा. निखाऱ्याची शेगडी आत मुळीच नेऊ नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. खोलीत जी मेणबत्ती शोभते तीही इथे नको, बॅटरीवरची वापरा.

आमराईची सावली हवीशी वाटते, पण मोहोर आला की तुडतुड्यांचा चिकट स्राव पानांवरून कापडावर गळतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. जानेवारीअखेरीस तंबूची आंब्याकडची बाजू अशीच डागाळली. साबण लावू नका, कापडाचं जलरोधक लेपण त्याने निघतं. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि डाग उरलाच तर पाणी मिसळलेला व्हिनेगर. डाग फिकट झाले, पूर्ण गेले नाहीत. पुन्हा जागा निवडायची झाली तर आंबा टाळून कडुनिंबाचं पश्चिमेच्या उन्हापासून वाचणारं अंग निवडू.

एप्रिलमध्ये एकेरी कापडाचा तंबू दुपारी भट्टी होतो. आपल्याकडे मोठे डेरे दुहेरी छताचे करत, मध्ये हवेची पोकळी ठेवून, ते याचसाठी. ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट चार स्वतंत्र बांबूंवर, कापडापासून दीड-दोन फूट वर ताणली आणि तळाच्या कापडाची चेन उघडून कनात सगळीकडे वर गुंडाळली, तेव्हा बसण्याजोगं झालं. तरीही दुपारी बारा ते पाच पाहुण्यांना वाड्याच्या ओसरीवर बसायला सांगावं. त्या जाड भिंतींइतका गारवा तंबूत येणार नाही.

वळवाचा पाऊस नव्हे, त्याआधीचं वावटळ घातक. वाऱ्याकडचं दार उघडं राहिलं की तंबू शिडासारखा फुगतो. ढग भरून येताच शेडनेट उतरवा, कनात खाली करा, दार लावा, याच क्रमाने. पाऊस सुरू झाला की तणावे दोन बोटं सैल करा, कारण ओलं कापड आखडतं.

जुन्या दगडी गडग्यांत घोणस, नाग, मण्यार सगळ्यांनाच आसरा मिळतो. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. म्हणून जमिनीवर गादी घालून केलेली सुंदर मांडणी फोटोपुरतीच ठेवा. झोपायला दीड फूट उंच पलंग, खोचलेली मच्छरदाणी, संध्याकाळनंतर तळाची चेन बंद. न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर दर चार पावलांवर दिवा, आणि हातात टॉर्च.

जोडप्यांसाठी जागा करणाऱ्यांनी दिव्याची जागा विचारपूर्वक ठरवावी. आत दिवा लागला की बाहेरून कापडावर सावल्या स्पष्ट दिसतात. पलंगापलीकडे दिवा ठेवला तर वाटेकडच्या कनातीवर सगळं उमटतं. तो वाटेच्या बाजूलाच, कनातीलगत, गुडघ्याच्या उंचीवर ठेवला की सावली मागच्या झाडीकडे पडते. पाहुणे येण्याआधी एकाने आत उभं राहून आणि एकाने बाहेरून बघून हे तपासावं. तंबूच्या वीजजोडणीला ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच.

मे संपता संपता सलग दोन कोरडे, उन्हाचे दिवस बघून तंबू उतरवला. किंचित ओलं कापड घडी केलं तरी एक-दोन दिवसांत बुरशीचा वास धरतं, त्यामुळे शिवणींवर हात फिरवून पाहिला, तळाच्या कडेची माती झाडली, आणि घडी गेल्या वेळच्या रेषांवर न घालता बदलून घातली. पिशवी माळ्यावर जमिनीला न टेकवता आढ्याला टांगली आहे, उंदीर पोचू नयेत म्हणून.