टेबलावरचे डिफ्रॅक्टोमीटर आणि डोलोमाइट: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या प्रयोगशाळेत टेबलावर मावणारे पावडर एक्स-रे डिफ्रॅक्टोमीटर (भुकटीवर एक्स-रे टाकून ते कोणत्या कोनांत वळतात यावरून खनिज ओळखणारे यंत्र) गेले कित्येक महिने रोज चालते आहे. एक्स-रे देणारी तांब्याची 600 वॅटची नळी आणि सुमारे 150 मिलिमीटर त्रिज्या (नमुन्यापासून शोधकापर्यंतचे अंतर) असलेले हे यंत्र आम्ही मुख्यतः यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यातील पैनगंगा गटाच्या चुनखडकांसाठी वापरतो.

नमुन्यात कोणते खनिज आहे एवढाच प्रश्न असेल, तर यंत्राबद्दल तक्रारीला जागा नाही. कॅल्साइटचे (कॅल्शियम कार्बोनेट) मुख्य शिखर, म्हणजे आलेखातील सर्वांत तीव्र टोक, 29.4 अंशांवर, डोलोमाइटचे (कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेट) 31 अंशांच्या किंचित अलीकडे आणि ॲरॅगोनाइटचे (कॅल्शियम कार्बोनेटचेच दुसरे रूप) 26.2 अंशांवर येते, क्वार्ट्झचे 26.6 अंशांवरचे शिखरही त्यापासून स्वच्छ वेगळे दिसते.

खरा कस लागतो तो डोलोमाइटमधील जादा कॅल्शियम मोजताना. लम्सडेन यांच्या 1979 च्या समीकरणानुसार 104 प्रतलांमधील (मुख्य शिखर देणाऱ्या, स्फटिकातील अणूंच्या थरांमधील) अँगस्ट्रॉममधल्या (मीटरचा दहा अब्जावा भाग) अंतराला 333.33 ने गुणून त्यातून 911.99 वजा केले, की कॅल्शियम कार्बोनेटचे मोल टक्के मिळतात. म्हणजेच अंतरात 0.003 अँगस्ट्रॉमचा फरक पडला, तर उत्तर एका टक्क्याने सरकते. भुकटीचा पृष्ठभाग होल्डरच्या कडेपेक्षा केवळ 0.1 मिलिमीटर खाली राहिला, तर या त्रिज्येच्या यंत्रावर शिखर सुमारे 0.07 अंशाने मागे येते आणि नसलेले दोन टक्के कॅल्शियम कागदावर उमटते. माहितीपत्रकात कोनाच्या अचूकतेचे कौतुक ठळक अक्षरांत असते, नमुन्याच्या उंचीबद्दल मात्र अवाक्षर नसते. त्यामुळे भुकटीत सिलिकॉन मिसळून त्याच्या 28.44 अंशांवरच्या शिखराशी ताळा घेतल्याशिवाय आम्ही आकडा वहीत लिहीत नाही. खडकात मुळातच क्वार्ट्झ असेल, तर तेच मानक म्हणून पुरते.

डोलोमाइटमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे थर आलटून पालटून असतात, आणि ही सुव्यवस्था असेल तरच 35.3 अंशांवरचे 015 शिखर दिसते. कॅल्साइटच्या रचनेत ते उमटूच शकत नाही. 37.4 अंशांवरच्या 110 शिखराशी त्याच्या तीव्रतेचे गुणोत्तर काढून सुव्यवस्था किती आहे हे ठरवतात. दोन्ही शिखरे दुबळी असल्याने तेवढाच पट्टा अतिशय सावकाश मोजावा लागतो, आणि कमी शक्तीच्या नळीची मर्यादा इथेच जाणवते. शिवाय कण पाटनाच्या प्रतलांवर (खनिज ज्या सपाट पृष्ठांवर फुटते त्यांवर) आडवे पडले की गुणोत्तर बिघडते, म्हणून होल्डर मागच्या बाजूने भरणे श्रेयस्कर. एवढे करूनही हे गुणोत्तर मी एकाच पद्धतीने तयार केलेल्या नमुन्यांच्या तुलनेपुरतेच ग्राह्य धरतो.

भुकटी अगेटच्या खलात, अल्कोहोल घालून, हातानेच करावी. गिरणीत फार वेळ दळल्यास ॲरॅगोनाइटचे कॅल्साइट होऊ लागते आणि डोलोमाइटची सुव्यवस्था ढासळते. मग यंत्र कितीही चांगले असले, तरी ते खडकाऐवजी दळणाचाच परिणाम मोजत बसते.

सोबतच्या संगणकप्रणालीची रिटवेल्ड जुळणी (मोजलेला संपूर्ण आलेख गणिताने काढलेल्या आलेखाशी जुळवणे) समाधानकारक आहे, पण आपोआप नाव सुचवण्याची सोय बेतानेच वापरावी. मुख्य शिखर 31 अंशांजवळ दिसले की ती बेधडक ‘डोलोमाइट’ लिहून मोकळी होते; 015 शिखर आहे की नाही हे आपणच पाहायचे.

तांबूस, लोहयुक्त नमुन्यांत तांब्याच्या किरणांमुळे लोहाची प्रतिदीप्ती होऊन (लोह स्वतःच एक्स-रे सोडू लागून) पार्श्वभूमी वाढते. असे नमुने नेहमीचे असतील, तर कोबाल्टची नळी खरेदीच्या वेळीच मागावी. मात्र लोहामुळे 104 चे अंतरही वाढते आणि त्यावर नळी बदलणे हा उपाय नाही. अशा नमुन्यांतील लोह आम्ही आधी रासायनिक विश्लेषणाने मोजतो, आणि ते लक्षणीय निघाल्यास वरचे समीकरण लावतच नाही.