बोड सॉल्टरी : निवड, लावणी आणि गजाचा हात

हिंदुस्थानी संगीत ऐकत मोठ्या झालेल्या माणसाने बोड सॉल्टरी (व्हायोलिनसारखे गजाने वाजवायचे एक तारवाद्य) विकत घ्यावी का, असे जर्मनीतली मराठी मित्रमंडळी माझ्याकडचे वाद्य ऐकल्यावर हमखास विचारतात. माझे उत्तर होकारार्थी आहे; मात्र ज्यांना मींडेशिवाय, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याशिवाय, चैन पडत नाही आणि ज्यांना तारा लावण्याचा कंटाळा आहे, त्यांनी या वाद्याच्या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांना ते एक अशी गोष्ट देते जी घरातली पेटी (हार्मोनियम) देऊ शकत नाही, ती म्हणजे तानपुऱ्याशी खरोखर मिळणारा गांधार. या परीक्षणाचा बराचसा भाग त्या गांधारासाठीच आहे.

वाद्याची रचना समजायला सोपी आहे. लांबट, निमुळत्या त्रिकोणाची एक पोकळ लाकडी खोका असतो. त्याच्या रुंद पायाशी लोखंडी खुंट्या बसवलेल्या असतात. तेथून निघालेल्या पोलादी तारा घोडीवरून जातात आणि त्रिकोणाच्या दोन लांब कडांवर ओळीने ठोकलेल्या बारीक खिळ्यांना अडकतात. पायाजवळच्या तारा सर्वांत आखूड असतात आणि टोकाकडे जाताना त्या लांब होत जातात, त्यामुळे प्रत्येक तारेचा शेवटचा थोडासा भाग शेजारच्या तारेच्या पुढे मोकळा राहतो. दोन खिळ्यांमधल्या त्या मोकळ्या जागेत गज टेकवला की नेमकी एकच तार वाजते. उजव्या कडेला पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांचे स्वर आणि डाव्या कडेला काळ्या पट्ट्यांचे, अशी नेहमीची मांडणी असते. पूर्ण दोन सप्तकांना 25 तारा लागतात, त्यांपैकी 15 उजवीकडे आणि 10 डावीकडे. तार बोटाने दाबायची नसल्यामुळे एका तारेचा एकच स्वर, हा या वाद्याचा कायदा आहे.

विक्रेते या वाद्याला सर्रास ‘मध्ययुगीन’ म्हणतात, ते खरे नाही. बोटांनी किंवा पिसाने छेडली जाणारी सॉल्टरी मध्ययुगीन युरोपातली आहे आणि आपल्या स्वरमंडळाशी तिचे जवळचे साम्य आहे. गजाने वाजणारी सॉल्टरी मात्र विसाव्या शतकातली. क्लेमेन्स नॉयबर या कंपनीला 1925 मध्ये जर्मनीत जे पेटंट मिळाले, त्या वाद्यात गजाच्या तारांखेरीज दुसऱ्या हाताने छेडायच्या साथीच्या ताराही होत्या. आज दिसणारा सुटसुटीत त्रिकोण एडगर श्टामर यांनी घडवला आणि वेस्टफालियातील प्राथमिक शिक्षक वाल्टर मिटमान यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा प्रसार केला. लहान हातांना झेपेल असे वजन, डोळ्यांना दिसणारी स्वरांची ओळ आणि बोटांच्या जागा शोधण्यातून सुटका, या तिन्ही गोष्टींत शिक्षकाचा हात जाणवतो.

विकत घेताना लोक प्रथम लाकूड आणि नक्षी पाहतात. मी सांगेन की प्रथम खुंट्या पाहाव्यात. दुकानात खुंट्या फिरवायची चावी मागून घ्यावी, कोणतीही एक तार अर्ध्या स्वराने उतरवावी, पुन्हा जागेवर आणावी आणि पाच मिनिटांनी ऐकावी. खुंटी गुळगुळीत पण घट्ट फिरली पाहिजे; ती झटक्याझटक्याने उडी मारत असेल तर सूक्ष्म स्वर लावणे अशक्य होते, आणि ती सैल असेल तर लावलेला स्वर टिकत नाही. मी आधी एका ऑनलाइन दुकानातून मागवलेले स्वस्त वाद्य याच कारणासाठी परत केले. दिसायला ते उत्तम होते, पण खुंट्यांची भोके सैल पडली होती आणि सकाळी लावलेला मध्य सप्तकाचा पंचम संध्याकाळपर्यंत उतरत असे. त्यानंतर एका छोट्या कार्यशाळेतून घेतलेले वाद्य मला 300 युरोंच्या आसपास पडले आणि खुंट्यांच्या एका गुणासाठीच ते पैसे सार्थकी लागले असे मला वाटते.

दुसरी गोष्ट कडेच्या खिळ्यांमधले अंतर. ते फार कमी असेल तर नवशिक्याचा गज शेजारच्या तारेला लागतो, विशेषतः पायाकडच्या आखूड तारांवर. तिसरी गोष्ट म्हणजे सर्व तारांचा समतोल: काही वाद्यांत खालचे स्वर भरदार असतात आणि वरचे किंचाळतात, म्हणून दुकानात खालपासून वरपर्यंत एकेक तार वाजवून पाहावी. केवळ उजव्या कडेच्या तारा असलेली वाद्येही मिळतात. ती स्वस्त असली तरी भारतीय संगीतासाठी घेऊ नयेत, कारण तारा पुन्हा न लावता तीव्र मध्यम आणि कोमल स्वर डाव्या कडेवरच हाताशी येतात. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास अशा आकारांपैकी गाणाऱ्या माणसाच्या कानाला आल्टो जवळचे वाटेल. सोप्रानोचा आवाज लहान खोलीत टोचतो.

आता लावणीबद्दल. दुकानातून येणारे वाद्य सामान्यतः पियानोच्या समान अंतरांच्या पट्टीत लावण्याची अपेक्षा असते, आणि यंत्रावरचा काटा पाहून ते तसे लावताही येते. पण प्रत्येक तार स्वतंत्र असल्यामुळे ते बंधन आपल्यावर नाही. सप्तकाचे 1200 सूक्ष्म भाग, म्हणजे सेंट, मानले तर पेटीचा शुद्ध गांधार 400 वर बसतो आणि तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार 386 वर. शुद्ध धैवत 900 ऐवजी 884 वर आणि शुद्ध निषाद 1100 ऐवजी 1088 वर लावला तर तो तानपुऱ्यात विरघळतो; कोमल गांधार उलट 300 वरून 316 पर्यंत चढवावा लागतो. पंचमात फरक जेमतेम 2 सेंटचा असतो. आकड्यांपेक्षा कान अधिक विश्वासू आहे: तानपुरा सुरू ठेवून आधी सर्व षड्ज, मग पंचम लावावेत आणि नंतर गांधाराची तार षड्जाबरोबर वाजवत खुंटी केसभर उतरवत जावी, दोन स्वरांमधली थरथर मंदावत मंदावत थांबते, तिथे हात काढावा. पेटीच्या याच गांधाराने महाराष्ट्रात केवढा वाद घडवला आहे! सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची, खास पेटी सिद्ध करण्यासाठी खटपट केली, आणि 1940 मध्ये आकाशवाणीने तर हार्मोनियमवर बंदीच घातली. त्या खटपटीत जे साधायचे होते, त्याचा एक तुकडा या शाळकरी वाद्यावर चावीच्या चार हलक्या वळणांत हाती येतो, याचे मला आजही अप्रूप आहे.

याची किंमतही मोजावी लागते. अशी लावणी एकाच षड्जापुरती खरी असते. गायकाने पट्टी बदलली की सर्व तारा पुन्हा लावाव्या लागतात आणि कीबोर्डच्या साथीला बसणे तर जमतच नाही. नव्या तारा पहिले काही आठवडे ताणल्या जाऊन उतरत राहतात, आणि युरोपातल्या हिवाळ्यात घर तापवल्याने हवा कोरडी पडली की लाकूड आकसून सगळी लावणी हलते. कोकणातल्या पावसाळ्यात हाच प्रश्न उलट्या बाजूने येईल. तारा उतरवणे सुरक्षित असते, चढवणे धोक्याचे. सुदैवाने रे, ग, ध, नी कोमल करायचे म्हणजे उतरवायचेच असते, त्यामुळे भैरवासाठी उजव्या कडेचे रिषभ आणि धैवत खाली आणून सगळा राग एकाच बाजूला मांडता येतो. तीव्र मध्यम मात्र डावीकडूनच घ्यावा.

गज शिकणे वाटते तितके सोपे नाही, पण सारंगी किंवा व्हायोलिनच्या मानाने ते फार लवकर साधते. नव्या गजाला राळ लावल्याशिवाय आवाजच निघत नाही, आणि राळेची नवी वडी इतकी गुळगुळीत असते की आधी तिचा पृष्ठभाग बारीक पॉलिश कागदाने खरवडावा लागतो. गज तारेला काटकोनात, कमी दाबाने आणि पूर्ण लांबीने ओढावा. दाब जास्त झाला तर तार करकरते. दाब फारच कमी आणि वेग जास्त झाला तर मूळ स्वराऐवजी वरच्या सप्तकाची शिट्टी ऐकू येते. स्वर संपवताना गज तारेवर थांबवू नये, चालत असतानाच उचलावा, म्हणजे मागे आस राहते. ही आस हाच या वाद्याचा प्राण आहे. तार दाबून थांबवणारे काही नसल्यामुळे आधीचा स्वर पुढच्या स्वराखाली रेंगाळत राहतो, म्हणून द्रुत लयीत गर्दी होते आणि विलंबित लयीत मात्र प्रत्येक स्वराभोवती स्वतःचा तानपुरा तयार होतो. हात बसल्यावर दुसऱ्या हातात आणखी एक गज धरून षड्जाचा किंवा पंचमाचा आधार देता येतो, आणि एकट्याने वाजवणाऱ्यासाठी तो मोठा आधार आहे.

भूप आणि दुर्गा या वाद्यावर शोभतात, कारण सरळ, स्थिर स्वरांवरही त्यांचे रूप उभे राहते. दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे संथ झुलणारा, गांधार येथे कोणत्याही युक्तीने निघणार नाही आणि तो काढण्याचा प्रयत्नही करू नये. ओव्या, पाळणे, आरत्यांच्या चाली आणि संथ चालीचे अभंग मात्र फार गोड लागतात. गळ्यावर मेहनत घेणाऱ्या विद्यार्थ्याला तर मी हे वाद्य आग्रहाने सुचवेन, कारण स्वतः लावलेल्या शुद्ध गांधारासमोर रोज गाऊन पाहण्याची सोय पेटीवर नाही.

खरेदी करताना वाद्याबरोबर चावी, गज, राळ आणि वाद्य ठेवायची कडक पेटी मिळते का ते विचारावे, कारण मऊ पिशवीत कडेचे खिळे वाकतात. त्याच जाडीच्या तारांचा एक जादा संच त्याच वेळी घ्यावा. आखूड तारा प्रथम तुटतात, आणि भारतात परतणाऱ्याला तेथे योग्य तार शोधत फिरावे लागू नये.